दहा नखं आणि एक डोळा

माझा उजवा डोळा चाळीस वर्षांपूर्वी गेला. कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना एक काडी सटकन वर आली आणि बुबुळात घुसली. दवाखान्यात पोचायला दोन दिवस लागले, तोवर काही उरलं नव्हतं. त्याचं मी फार मनावर घेतलं नाही. डावा होता. डाव्या डोळ्यावर मी शेत केलं, पोरं वाढवली, मालकाचं आजारपण काढलं. मालक जाऊन अकरा वर्षं झाली.

मग डाव्यात मोतीबिंदू आला. आधी धुरकट दिसायचं, मग दुधातून बघितल्यासारखं. दीड वर्ष मी माणसं आवाजावरून ओळखत होते. बाईचं लुगडं कुठल्या रंगाचं एवढं कळायचं, बाई कोण ते कळायचं नाही. भाऊबीज झाल्यावर सुनेनं मला जालन्याला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं आणि मला न सांगता सुनेला सांगितलं, मी ऐकत होतेच.

"पार पिकलाय. आतला दाब वाढायला लागलाय. महिन्याच्या आत काढला तर ठीक, नाहीतर हाही डोळा जाईल."

रक्त घेतलं, साखर बघितली, दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. त्या पंधरा दिवसांत मी जो मूर्खपणा केला तो लिहून ठेवते आहे. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं.

माझी नात बारावी होऊन घरी होती. तिला नखं रंगवायचा नाद लागला होता. नुसता रंग फासायचा नाही, नखावर नक्षी काढायची. मोबाईलवर बघायची आणि घरात सापडेल त्यानं करायची. केसांच्या पिनेचं गोल टोक रंगात बुडवून ठिपके द्यायची. पाच ठिपक्यांचं फूल, मधे सहावा ठिपका पिवळा. संपलेल्या रिफिलीनं वेल काढायची. नखाच्या कडेला खोबरेल तेल लावायची, म्हणजे बाहेर गेलेला रंग कातडीला धरत नाही, पुसला की निघतो. चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून तिरपे पट्टे काढायची. गल्लीतल्या पोरी लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्याकडे यायला लागल्या होत्या.

माझ्या सुनेला, म्हणजे तिच्या आईला, हे बिलकुल आवडायचं नाही. तिचं म्हणणं होतं, पोरीनं नर्सिंगचा फॉर्म भरावा. एकदा तिला आमटीच्या वाटीला आतून रंगाचं कडं चिकटलेलं दिसलं. पाण्यावर रंगाचे थेंब सोडून त्यात नख बुडवलं की लाटा उमटतात, तसलं काही पोरीनं त्या वाटीत केलं होतं. सुनेनं सगळ्या बाटल्या उचलून उकिरड्यावर फेकल्या.

"पुन्हा घरात हा वास आला ना, तर बाटल्यांबरोबर तुलाबी फेकते," ती म्हणाली.

पोरीनं संध्याकाळी उकिरडा उकरून बाटल्या परत आणल्या. धुतल्या. आणि दुसऱ्या दिवशी सून कापूस वेचायला गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"आज्जी, हात दे."

"कामून?"

"मला सरावाला हात पायजे. माझ्या डाव्या हातावर मला करता येतं, उजव्यावर न्हाई. पोरी लई हालतात. तू हालत न्हाईस."

"येडी झालीस का? माझ्या नखाला रंग?"

"कोण बघायलंय? झालं की पुसून टाकते."

मी हो म्हणाले. पोरीची माया वगैरे कारण नव्हतं. दिवसभर मी ओट्यावर नुसती बसलेली असायचे. धान्य निवडायला दिसत नव्हतं, भाकरी थापायला सून देत नव्हती. हात रिकामे होते, ते तिला दिले. घरात वास राहतो म्हणून आम्ही गोठ्यात बसायचो. म्हशीच्या शेणाच्या वासात रंगाचा वास कळत नाही. तरी सुनेला एकदा शंका आली. मी म्हणाले, गुडघ्याला बाम लावलाय.

माझी नखं म्हणजे काय, बोंडातून कापूस ओढून ओढून कडा फाटलेल्या, वर उभ्या रेघा. पोरगी म्हणाली, "आज्जी, हे नख न्हाई, पत्रा आहे. पत्र्यावर पेंटिंग करून राह्यले मी." घासून घासून तिनं ती सपाट केली. रोज रंगवायची, फोटो काढायची, पुसायची. हाताची झाली की पायाची.

एक दिवस तिनं गडद निळा रंग दोनदा दिला, वर पांढरी फुलं काढली आणि त्याच्यावर चकचकीत पाण्यासारखा एक थर. तो लावला की रंग पंधरा दिवस हलत नाही म्हणे. मग पुसायला बाटली उलटी केली तर रिमूव्हर संपलेलं.

"उद्या घनसावंगीहून आणते," ती म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिच्या मामाचा फोन आला. त्याच्या घरी लग्न होतं, पोरींची नखं रंगवायला ये म्हणाला. ती सकाळच्या जीपनं गेली. जाताना माझ्या कानात म्हणाली, "परवा येते. तवर हात पदरात ठेव."

आमच्याकडे नवरा गेला की बाईच्या अंगावरचा रंग कमी होतो. आताच्या पोरी म्हणतात की तसं काही राहिलं नाही. पण माझ्या वयाच्या बायका पाळतात, आणि न पाळणारीकडे बघतात. मी स्वतः बघितलं आहे तसं दुसऱ्या बायांकडे, आणि बोललेही आहे. त्यामुळे लोक काय बोलतील ते मला शब्दासकट माहीत होतं. दोन दिवस मी हात पदराखाली ठेवले. जेवायला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. पाय लुगड्यात ओढून घेतले. सून म्हणाली, "थंडी वाजून राह्यली का तुम्हाला?" मी हो म्हणाले. न्हाणीत पाय घासायच्या वज्रीनं नखं घासली, राखेनं घासली. बोटाचं कातडं सोललं, रंग निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायला दवाखान्यातून फोन आला. यादीतला एक पेशंट येत नाही, त्याच्या जागी तुम्ही उद्या सकाळी आठला या, नाहीतर दिलेल्या तारखेचं तेव्हा बघू. सुनेनं मला विचारलंसुद्धा नाही, येतो म्हणून सांगितलं. तिचं बरोबर होतं. डॉक्टर दाबाचं बोलले तेव्हापासून ती दिवस मोजत होती.

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मी विचार केला, ऑपरेशन डोळ्याचं आहे, नखांचं काय काम? आणि गप्प बसले.

सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. दवाखान्यात आम्हा आठ जणांना हिरवे अंगरखे घातले, डोक्याला टोप्या, आणि ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्यावर कपाळाला चिकटपट्टी. माझ्या एकाच डोळ्याचा प्रश्न होता, तरी पट्टी लावली. दर थोड्या वेळानं डोळ्यात औषधाचे थेंब टाकत होते. आम्ही भिंतीला लागून बाकावर ओळीनं बसलो. माझा नंबर सहावा. अंगरख्याच्या बाह्या लांब होत्या, मी बोटं आत ओढून घेतली आणि पायावर पाय ठेवले.

चार जण आत जाऊन आले तेव्हा सिस्टर हातात छोटी चिमट्यासारखी मशीन घेऊन आली.

"आजी, हात द्या."

"कशाला?"

"बोटाला लावायची. ऑक्सिजन बघतात. द्या लवकर."

मी हात दिला नाही. तिनं बाही मागं सारली. मग म्हणाली, "अगं बाई."

शेजारच्या म्हातारीला दिसत नव्हतं. ती विचारायला लागली, काय झालं, काय झालं. पलीकडच्या एका बाईचा डोळा अजून बरा असावा. तिनं सगळ्यांना सांगितलं, "म्हातारीनं नखं रंगवलीत. फुलं काढलीत वर." बाकावर हसू पसरलं. मी समोर बघत राहिले. समोर मला तसंही काही दिसत नव्हतं.

सिस्टरनं मशीन लावली. आकडा येईना. दुसऱ्या बोटाला लावली, येईना.

"एवढ्या गडद रंगातून ही मशीन वाचत नाही आजी. पायाचं बोट दाखवा."

मी पाय हलवला नाही. तिनं वाकून बघितलं आणि उठून उभी राहिली.

"पायालासुद्धा?"

तिनं स्पिरिटचा बोळा घासून बघितला. वरच्या थरानं दाद दिली नाही. मग ती हळू बोलली, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "हे बघा, आकडा आल्याशिवाय तुम्हाला आत घेता येणार नाही. ऑपरेशनचे डॉक्टर बाहेरगावचे आहेत. बाराला निघतात. आता अकरा वाजून गेलेत. तुमच्या सोबत कोण आहे?"

तिनं सुनेला आत बोलावलं. सुनेच्या चपलांचा आवाज मी ओळखते. तो दारात थांबला.

सिस्टरनं सांगितलं. सुनेनं माझा हात उचलून स्वतःच्या तोंडाजवळ नेला, बघितला, खाली ठेवला. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "रक्ताला मी नेलं. साखरेला मी नेलं. दर वेळी ह्याच हाताला धरून नेलं. अन् हा हात तुम्ही माझ्यापासून लपवला?"

मी म्हणाले, "बोलणं नंतर कर. आधी हे कसं निघतं ते बघ."

"मला काय माहीत कसं निघतं! मी लावलंय का?"

तरी तिनं मोबाईल काढला. पोरीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. आतून पाचवी बाई बोलावली. आता पुढचा नंबर माझा होता. तिसऱ्यांदा पोरीनं उचलला, मागं बँडबाजा वाजत होता. सुनेनं मोबाईलचा आवाज मोठा केला.

"तुझ्या आजीचं ऑपरेशन अडलंय. नखावरचा रंग कशानं जातो ते सांग. दुसरं एक अक्षर बोलू नको."

बाजाचा आवाज दूर गेला. पोरगी कुठंतरी पळत गेली असावी. "रिमूव्हर. मेडिकलवर भेटंल."

सून धावली. खालच्या मेडिकलवर नव्हतं. ती परत धापा टाकत आली. पोरगी अजून फोनवरच होती.

"न्हाई मंग एक कर मम्मी. कुठलीबी नेलपॉलिश घे. जुन्या रंगावर नवीन लाव, अन् ती ओली असतानाच जल्दी पुस. नव्याच्या ओलीनं जुना सुटतो. बिलकुल वाळू देऊ नको."

सून पुन्हा बाहेर गेली. मी बाकावर बसून राहिले. सिस्टर मधे एकदा येऊन गेली, दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, "आजी, बीपी वाढायला लागलंय. शांत राहा. आणखी वाढलं तर त्यानंही अडेल." शांत राहा म्हटल्यानं कोणी शांत राहत नाही. मी मनात पंधरापर्यंतचे पाढे म्हटले. शाळेतलं तेवढंच शिल्लक होतं. तेराच्या पाढ्याला अडले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

सून आली ती हातगाडीवरून लाल रंगाची बाटली घेऊन. ज्या बाईनं घरातल्या बाटल्या उकिरड्यावर टाकल्या ती भर रस्त्यात नेलपॉलिश शोधत फिरली होती. ती माझ्यासमोर फरशीवर बसली, माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पाची नखांना लाल रंग फासला. भिंतीला चुना मारतात तसा, एका दमात. मग पहिल्या नखाकडे वळली तोवर ते वाळलं होतं. निळ्यावर आता लाल बसलं.

"निघून न्हाई राह्यलं!" ती फोनवर ओरडली.

"तू सगळ्यांना लावलं का? एकेक नख मम्मी! एकेक! लावलं की पुस!"

"आधी नीट सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू दुसरं अक्षर बोलू नको म्हणालीस ना!"

सिस्टरनं कापूस दिला. तो ओल्या रंगाला चिकटला आणि नखावर तंतू बसले. जन्मभर कापूस वेचलेल्या दोघी बाया आम्ही, आणि त्या कापसानंच खोळंबा केला. सुनेनं तो फेकला. आपल्या सुती साडीचा पदर बोटाला गुंडाळला, अंगठ्याजवळच्या बोटावर रंगाचा मोठा थेंब सोडला आणि लगेच जोरानं ओढून पुसला. पुन्हा थेंब, पुन्हा पुसला. माझं नख मुळापासून दुखलं.

"सुटलं," ती म्हणाली. "फुलाचा वरचा भाग गेला. थांबा. हालू नका आत्याबाई."

"मी हालत न्हाई. तूच हालून राह्यलीस."

"गप बसा."

आतलं दार उघडलं. पाचवी बाई बाहेर आली, डोळ्यावर पट्टी. माझं नाव पुकारलं. सिस्टर माझ्याकडे बघत होती, मग तिनं आत बघून सांगितलं, "दोन मिनिटं सर." आतून आवाज आला, "दोन मिनिटं नाहीत, पुढचा पाठवा." सातव्या नंबरचा म्हातारा उठला आणि आत गेला.

तेव्हा सून थांबली. पहिल्यांदाच. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती पुन्हा पुसायला लागली, आधीपेक्षा हळू. फोनवर पोरगी म्हणत होती, "कडेनं, मम्मी, कडेनं. तिथं रंग साचून राहतो." सून "हो" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पोरीचं ऐकून हो म्हटलेलं मी ऐकलं.

नख जांभळट राहिलं, पण थर निघाला. सिस्टरनं मशीन लावली. आम्ही तिघी त्या चिमट्याकडे बघत होतो, मला तर त्याचा लाल उजेडच तेवढा दिसत होता.

"आला," सिस्टर म्हणाली. "शहाण्णव. एक बोट पुरे. बाकीचं राहू द्या."

सुनेनं माझा हात सोडला नाही. दुसरं बोट धरलं होतं. सिस्टरला म्हणावं लागलं, "ताई, पुरे झालं."

म्हातारा बाहेर आला. आठव्या नंबरची बाई आधीच उठून उभी होती. सिस्टरनं तिला खाली बसवलं आणि मला दंडाला धरून आत नेलं. बारा वाजायला किती कमी होते ते मी विचारलं नाही.

आत टेबलावर झोपवलं, तोंडावर कापड टाकलं, त्याला डोळ्यापुरतं भोक. डॉक्टरनं माझा हात बघितला असावा. म्हणाले, "आजी, लग्नाला निघालात काय?" बोलू नका, डोकं हलवू नका असं त्यांनीच आधी सांगितलं होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. पांढरा उजेड दिसला, पाण्याचा आवाज आला, डोळ्यावर कोणी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. मी भ्यायले होते, ते मात्र खरं. दुसरा डोळा नव्हता. हा बिघडला असता तर तो पांढरा उजेडच माझं शेवटचं बघणं ठरला असता, आणि तोही कापडाखालून.

रात्री दवाखान्यातच ठेवलं. सून खाटेजवळ खाली झोपली.

सकाळी पट्टी काढली. आधी तपासलेल्या, इथल्याच डॉक्टरनं बोटं दाखवली.

"किती?"

"तीन. अन् तुमच्या अंगठीत हिरवा खडा आहे."

डॉक्टर हसले. मी मान वळवून सुनेकडे बघितलं. दीड वर्षात ती वाळली होती. कानाजवळ केस पांढरे झाले होते, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांची बोटं पेरांपर्यंत लाल-जांभळी आणि साडीचा पदर वाया गेलेला.

"पुस ते," मी म्हणाले.

"जात न्हाई."

दुपारी घरी पोचलो. पोरगी मामाकडून आमच्या आधी येऊन दारात उभी होती, हातात रिमूव्हरची नवी बाटली. सुनेनं पिशवी खाली ठेवली, चूळ भरली, पाणी प्यायली. पोरगी तशीच उभी.

"आजीची उरलेली नखं साफ कर," सून म्हणाली. "मंग माझी बोटं."

पोरगी मला धरून गोठ्याकडे न्यायला लागली.

"तिकडं कुठं चाललीस? इथं बस. अंगणात."

"इथं लोक बघतील मम्मी."

"बघू दे. लपवून काय झालं ते पाह्यलं मी."

मी अंगणात बाजेवर बसले. डोळ्याला काळा चष्मा होता. पोरगी एकेक नख घासत होती, निळं निघत होतं, वास सगळीकडे पसरला होता. तेवढ्यात शेजारची पाणी घेऊन चालली होती, ती कुंपणाशी थांबली. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच विधवा.

"काय चाललंय वं?"

मी पदर ओढायला गेले. सुनेनं ओसरीतूनच मोठ्यानं सांगितलं, "आत्याबाईंची नखं रंगवली होती पोरीनं. दवाखान्यात त्यानं ऑपरेशन अडलं. आता साफ करून राह्यलो." सगळं, जसं झालं तसं. आता संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं.

शेजारीण "हो का" म्हणाली. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग पायाकडे, आणि तोंड पदरानं झाकलं. पण पदर वर जायच्या आधी तिचं हसू मला बरोबर दिसलं. वरच्या ओठाची एक बाजू तेवढी उचलली होती. लाज वाटली, ती वाटणारच. मी हात काढून घेतला नाही. चष्मा थोडा खाली केला आणि ती वळणावर जाईपर्यंत तिच्याकडे बघत बसले.